न बिघडलेल्या भागांचं बिल : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१० जून
प्रकल्प आजपासून सुरू. पत्रकावर विषय असा : "डेटा विश्लेषणातून विमान देखभाल खर्चावर नियंत्रण". विमान कंपनीच्या रिलायबिलिटी सेलमध्ये, म्हणजे बिघाडांचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात, एक टेबल आणि तीन वेगवेगळ्या प्रणालींचे लॉगिन मिळाले. ताफा एअरबस ए३२० कुटुंबातला, त्यातली बरीच विमानं जुन्या इंजिनांची, तळ मुंबई. रुपयांचे आकडे कंपनीचे, ते या नोंदींत येणार नाहीत. काय केलं आणि का केलं, एवढंच लिहीन.

वरून पहिला प्रश्न आला, "सगळ्यात जास्त पैसा कुठे जातो ते आधी काढा." त्याला विश्लेषण कशाला हवं? इंजिन. त्याखालोखाल मोठे चेक, लँडिंग गिअर, एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन). पण इंजिनं ताशी दराच्या करारात आहेत, जेवढं उडेल तेवढे पैसे. ही पद्धत १९६२ पासूनची, ब्रिस्टल सिडलीने व्हायपर इंजिनासाठी काढलेली. करार संपेपर्यंत त्या दराला हात लावता येत नाही. सहा आणि बारा वर्षांचे स्ट्रक्चरल चेक तर कॅलेंडरवर ठरलेले. मग ज्याच्यावर आपलं काही चालतं असा खर्च उरतो तो अचानक उतरवलेल्या भागांचा. रात्री अडीच वाजता कुणीतरी एक कॉम्प्युटर किंवा व्हॉल्व्ह काढतो, दुसरा बसवतो, आणि काढलेला भाग शॉपला, म्हणजे दुरुस्तीच्या कारखान्यात, जातो. तिथून सुरुवात करतो.

१४ जून
तिन्ही प्रणालींतून गेल्या चार वर्षांचा डेटा उतरवला. देखभालीच्या सॉफ्टवेअरला विमान ओळखता येतं, स्टोअरला टॅग ओळखता येतो, अकाउंट्सला फक्त इनव्हॉइस. एकच व्हॉल्व्ह तिन्हीकडे तीन नावांनी नांदतोय. जोडायला दुवा एकच, सिरीयल नंबर. तोही हाताने टाइप केलेला. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल, मधल्या रेघा कुठे आहेत कुठे नाहीत. स्टोअरच्या ताईंनी एक उपाय सांगितला तो फार उपयोगी पडला : "प्रत्येक कंपनीचा नंबर किती अक्षरांचा असतो ते ठरलेलं आहे हो. लांबी मोजा, चूक लगेच दिसेल." तसंच केलं.

१ जुलै
जोडणी बऱ्यापैकी झाली. आता 'काढण्याचं कारण'. हा रकाना म्हणजे मोकळं मैदान. "रिप्लेस्ड", "आरपीएलडी", "चेंज्ड फॉर टीएस", "अ‍ॅज पर एमसीसी" (टीएस म्हणजे ट्रबलशूटिंग, दोष शोधणं; एमसीसी म्हणजे मेंटेनन्स कंट्रोल). यातलं एकही कारण नव्हे, कृती आहे. खरं कारण टेक लॉगमध्ये (विमानाच्या तक्रारवहीत) वैमानिकाने लिहिलेल्या ओळीत असतं, नाहीतर उड्डाणानंतर विमान स्वतः छापतं त्या पोस्ट फ्लाइट रिपोर्टात. म्हणून प्रत्येक रिमूव्हलला, म्हणजे भाग उतरवल्याच्या नोंदीला, त्याआधीच्या काही उड्डाणांतल्या तक्रारी आणि फॉल्ट मेसेज जोडायचे ठरवलं. एटीए चॅप्टर (विमानातल्या प्रत्येक प्रणालीचा ठरलेला क्रमांक) जुळला पाहिजे : २१ वातानुकूलन, ३६ न्यूमॅटिक, ३२ लँडिंग गिअर, अशा हिशेबाने. चॅप्टर जुळत नसेल तर वेगळी खूण.

९ जुलै
कालच्या पावसाने मुंबईची दैना केली. पहाटे एक ते सातच्या दरम्यान काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस, विमानं वळवली, काही रद्द. आज लॉग पाहिले तर रिमूव्हलची रांग. मागच्या वर्षांतले असेच दिवस उघडले, तिथेही तोच उंचवटा. ओलाव्याने कनेक्टर त्रास देतात हे खरं, पण सगळा उंचवटा ओलाव्याचा नाही. विमान आधीच चार तास उशिरा असलं की कुणालाही खोलात जायला वेळ नसतो, जो भाग संशयित तो बदलतात. डेटात 'ऑपरेशन विस्कळीत' असा एक रकाना वाढवला, म्हणजे पुढे हे दिवस वेगळे काढून बघता येतील.

१५ जुलै
विमानाच्या भागांवर आजपासून सरसकट ५ टक्के आयजीएसटी. आतापर्यंत भागागणिक ५, १२, १८ आणि २८ टक्के अशी भानगड होती. इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के दर घेणाऱ्या कंपनीला वस्तूंवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे भागावरचा कर हा सरळ खर्चच. आपल्याला इथे जपायचं ते हे, की उद्यापासून काही भाग 'स्वस्त' दिसतील आणि कुणीतरी ते आपल्या प्रकल्पाचं श्रेय म्हणून मांडेल. कर वेगळ्या रकान्यात काढला. तुलना यापुढे करापूर्वीच्या किमतीवरच.

२४ जुलै
कालच्या अर्थसंकल्पात दुरुस्तीसाठी आयात केलेला माल परत पाठवायची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष, आणि वॉरंटीत दुरुस्तीला गेलेला माल परत आणायची मुदत तीनवरून पाच वर्षं. पहिलं शॉपवाल्यांच्या कामाचं. दुसरं आमच्याही, पण त्याआधी वॉरंटीत काय होतं हे कळलं पाहिजे. वॉरंटीत असलेला भाग आपल्या पैशांनी दुरुस्त करून घेतल्याच्या घटना डेटात दिसताहेत. त्याची यादी अकाउंट्सला दिली. हे काम विश्लेषणाचं नाहीच, नुसतं दोन तारखा शेजारी ठेवायचं, पण प्रकल्पातला पहिला पैसा यातूनच परत येईल.

२ ऑगस्ट
शॉप रिपोर्ट. पीडीएफचे गठ्ठे, काही तर स्कॅन केलेले. प्रत्येकाच्या शेवटी एक निष्कर्ष असतो : दोष सापडला, दोष सापडला पण तक्रारीशी संबंध नाही, किंवा 'नो फॉल्ट फाउंड'. हा तिसरा प्रकार कोणत्याही ताफ्यात असतो, यात नवं काही नाही. आमच्याकडे तो किती आहे हे मात्र आजवर कुणी एका ठिकाणी मांडलंच नव्हतं, कारण शॉप रिपोर्ट एका खात्यात आणि रिमूव्हल दुसऱ्या.

भागात दोष नसला तरी बिल येतं. जाण्यायेण्याचं भाडं, टेस्ट बेंचवर तपासण्याचं शुल्क, नवा सर्टिफिकेट टॅग. शिवाय तो भाग महिना-दीड महिना बाहेर असतो, तेवढ्यासाठी एक जास्तीचा भाग विकत घेऊन फडताळात ठेवावा लागतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे मूळ दोष विमानातच राहतो.

जुलै २०२३ मध्ये नव्या विमानांच्या जीटीएफ इंजिनांतल्या धातुभुकटीच्या दोषाची बातमी आली, तेव्हापासून जगभर नवी विमानं जमिनीवर आणि जुनी जास्त काळ हवेत आहेत. जुन्या ए३२०च्या भागांना त्यामुळे मागणी. आपल्या चांगल्या भागाने शॉपच्या रांगेत उभं राहायची ही वेळ नव्हे.

९ ऑगस्ट
आज एका सिरीयल नंबरच्या मागे लागलो. ब्लीड सिस्टीमचा प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह. इंजिनातून येणाऱ्या गरम, दाबाच्या हवेवर हा ताबा ठेवतो. पुढे तीच हवा केबिनच्या एसीला आणि पंखांवरचं बर्फ वितळवायला जाते.

हा व्हॉल्व्ह एका विमानावरून उतरला, शॉपला गेला, 'दोष नाही' म्हणून परतला. दुसऱ्या विमानावर बसला, तिथे महिनोन्महिने गपगुमान चालला. पहिल्या विमानावर मात्र त्याच इंजिनाच्या त्याच जागी पुढचा व्हॉल्व्ह काही आठवड्यांत उतरला. मग त्याच्या पुढचा. तिघांचेही शॉप रिपोर्ट स्वच्छ. चौथ्या वेळी कुणीतरी रात्रपाळीत व्हॉल्व्ह सोडून त्याला थर्मोस्टॅटशी जोडणारी बारीक नळी, सेन्स लाइन, तपासली. जोडाशी गळती. जोड नीट केला, त्यानंतर त्या जागेची तक्रार बंद.

टेक लॉगमधली ती ओळ जेमतेम दहा शब्दांची आहे. नळी बदललीही नाही, त्यामुळे स्टोअरला नोंद नाही, बिल नाही, खर्चाच्या अहवालात काहीच नाही. तीन व्हॉल्व्हचा खर्च अहवालात दिसतो आणि तो वाचवणारं काम दिसत नाही.

आपण भागाच्या मागे जात होतो, तसंच जागेच्या मागेही गेलं पाहिजे. विमान अधिक जागा, ही जोडी आता दुसरी किल्ली. सिरीयल नंबरने बघितलं की सतत खोड्या करणारे भाग सापडतात. जागेने बघितलं की भाग निर्दोष आणि विमान दोषी असलेल्या घटना सापडतात. दोन्ही याद्या आज रात्री चालवून ठेवतो.

१३ ऑगस्ट
रात्रपाळीला लाइनवर, म्हणजे उड्डाणांच्या मधली देखभाल चालते तिथे, गेलो. शिफ्टच्या मुख्य अभियंत्यांना सरळ विचारलं, "सर, नळी आधी का नाही बघत?"

"अहो, बघतो की. वेळ असला तर." मग त्यांनी हातातलं गणित मांडलं. दिवसा दोन उड्डाणांमध्ये विमान जेमतेम अर्धा-पाऊण तास उभं. रात्री थांबलेली विमानं एवढी, माणसं एवढी. ट्रबलशूटिंग मॅन्युअलप्रमाणे गळती शोधायची तर त्या लाइनला बाहेरून दाब द्यावा लागतो, त्याचा टेस्ट किट तळावर एकच, तो हँगरमध्ये. व्हॉल्व्ह मात्र स्टोअरमध्ये हजर. सकाळी सहाला विमान गेलं नाही तर जाब त्यांना, महिन्याभराने शॉप रिपोर्ट 'दोष नाही' म्हणाला तर जाब कुणालाच नाही.

एमईएलखाली (काय बिघडलेलं असताना उडता येतं त्याची यादी) दोष पुढे ढकलता येतो, बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १०. हे दिवस नीट ट्रबलशूटिंगसाठी वापरता येतील, पण ढकललेल्या दोषांची संख्या रोजच्या बैठकीत लाल रंगात येते, म्हणून ते दोषही लवकर बंद करायची घाई. डिले एका खात्याच्या माथी, डिफर्ड दोष दुसऱ्याच्या, आणि फुकट गेलेल्या रिमूव्हलचं बिल कुणाच्याच माथी नाही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही व्हॉल्व्हच बदलला असता.

२६ ऑगस्ट
भागांच्या आयुष्याचं गणित. आतापर्यंतच्या अहवालांत सरासरी काढलेली आहे ती फक्त उतरलेल्या भागांची. जे अजून विमानावर बसून काम करताहेत ते हिशेबातच नाहीत. त्यामुळे सरासरी कमी दिसते आणि स्टोअर घाबरून जास्त खरेदी करतं. न उतरलेल्या भागांनाही 'इतके तास तरी टिकला' म्हणून गणितात घ्यावं लागतं. कापलान आणि मायर यांची १९५८ची रीत, रुग्णांच्या जगण्याच्या अभ्यासात रोज वापरतात.

मग वायबुल वक्र, म्हणजे वयाबरोबर बिघाडाची शक्यता कशी बदलते ते दाखवणारी रेषा. त्यातला आकाराचा अंक एकपेक्षा कमी आला तर भाग बसवल्या-बसवल्या बिघडतोय, म्हणजे दुरुस्ती किंवा बसवणं कच्चं. एकच्या आसपास असेल तर बिघाडाचा वयाशी संबंध नाही. एकच्या बराच वर गेला तरच खरी झीज. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बहुतेक एकच्या आसपास. दोन प्रकारचे व्हॉल्व्ह एकच्या खाली, आणि दोन्ही एकाच शॉपमधून येतात. ते नाव इथे लिहीत नाही, दर्जा विभागाला कळवलंय.

६ सप्टेंबर
उद्या गणपती. निम्मं ऑफिस कोकणात पोचलंय. नेमकी आजच आढावा बैठक.

एका वरिष्ठांची सूचना : "सरासरी आयुष्य कळलंय ना, मग त्याच्या ८० टक्क्यांवर सगळे भाग आधीच बदलून टाका. डिले शून्य." ऐकायला चोख. मी आकाराचे अंक पुढे ठेवले. ज्या भागाचा बिघाड वयावर अवलंबूनच नाही, तो आधी बदलला तर चांगला भाग काढून तितक्याच शक्यतेने बिघडणारा दुसरा बसवला, एवढंच होतं. वर बसवण्यातल्या चुकांचा धोका. हे शहाणपण माझं नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी १९७८ मध्ये दिलेल्या अभ्यासात हेच आलं : त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी ११ टक्क्यांतच वयाबरोबर वाढणारा बिघाड दिसला, उरलेल्या ८९ टक्क्यांत ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा नव्हता. आजच्या देखभाल कार्यक्रमांचा पाया त्याच विचारावर आहे.

वरिष्ठ म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वीचं झालं ते." म्हणून आमच्याच ताफ्याचे वक्र दाखवले. सूचना मागे गेली, निदान दिवाळीपर्यंत तरी. झीज दाखवणारे जे मोजके भाग आहेत, त्यांच्यासाठी मात्र आगाऊ बदलाचं वेळापत्रक करायचं ठरलं. ते रास्त आहे.

२० सप्टेंबर
ब्रेक. झीज म्हणजे काय हे बघायचं तर याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

चार मुख्य चाकं, चार ब्रेक, आत कार्बनच्या चकत्या. जुन्या स्टीलच्या ब्रेकची झीज किती ऊर्जा शोषली त्यावर ठरायची. कार्बनचं तसं नाही, त्याची झीज मुख्यतः ब्रेक किती वेळा लावला यावर ठरते. लँडिंगला एकदा दाबून धरलेला ब्रेक आणि टॅक्सी करताना हलकेच टेकवलेला ब्रेक, दोन्ही मोजणीत एकेकच. म्हणून झीज धावपट्टीवर कमी आणि रांगेत सरकताना जास्त. एअरबसची पद्धत अशी : वेग ३० नॉटपर्यंत वाढू द्या, एकदाच सलग दाबून १० वर आणा, सोडून द्या. प्रत्यक्षात संध्याकाळी मुंबईत टेकऑफच्या रांगेत ३० नॉट येतात कुठून?

क्विक अ‍ॅक्सेस रेकॉर्डरमध्ये (उड्डाणाचा डेटा साठवणाऱ्या यंत्रात) ब्रेकचा दाब नोंदलेला असतो. त्यावरून एका टॅक्सीत ब्रेक किती वेळा लागला ते मोजता येईल.

४ ऑक्टोबर
तो डेटा फ्लाइट सेफ्टीकडे असतो. तिथल्या कॅप्टननी अर्ध्या वाक्यात अडवलं, "सेफ्टीसाठी दिलेला डेटा उद्या खर्चाच्या बैठकीत माझ्या नावासकट झळकणार असेल तर नाही." बरोबर आहे त्यांचं. एकदा वैमानिकांचा विश्वास गेला की सुरक्षेचाच डेटा बिघडतो, मग वाचवलेल्या ब्रेकना काय करायचं?

ठरलं असं : मोजणी त्यांचीच माणसं करतील, आमच्याकडे येईल फक्त विमानतळ, तास आणि ब्रेकची सरासरी संख्या. उड्डाण क्रमांक नाही, तारीख नाही, क्रू नाही. आमचं काम भागतं.

१७ ऑक्टोबर
पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी आज मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद. रॅम्पवर विमानं निवांत, म्हणून ब्रेक बघायला गेलो.

टेक्निशियन काकांनी पार्किंग ब्रेक लावून घेतला आणि चाकामागे टॉर्च धरला. ब्रेकच्या अंगातून पेन्सिलीच्या टोकाएवढी एक पिन बाहेर आलेली. चकत्या झिजतील तशी ती आत जाते, कडेशी सपाट झाली की ब्रेक बदलायचा. ब्रेक न लावता पाहिलं तर पिन खोटं सांगते. काकांनी पट्टी लावली, अंगठ्याने काजळी पुसली, पुन्हा लावली. मी विचारलं, आकडा लिहिता कुठे? "लिहायला कुठे जागा आहे? पास किंवा फेल."

म्हणजे मोजमाप रोज होतं आणि रोज फेकून दिलं जातं.

काढलेल्या ब्रेकची उरलेली पिन मात्र शॉप रिपोर्टात असते. संध्याकाळी ती बघितली. सपाट व्हायच्या बऱ्याच आधी उतरवलेले ब्रेक पुष्कळ. विमान रात्री नागपूरला किंवा गोव्याला थांबणार, तिथे ब्रेक नाही, जॅकची सोय बेभरवशाची, म्हणून मुंबईतच "आत्ताच बदलून टाकू". आमचा ब्रेकचा करार लँडिंगच्या दराचा नाही, ओव्हरहॉलमागे पैसे आहेत. न वापरलेला कार्बन म्हणजे फेकलेला पैसा.

८ नोव्हेंबर
दिवाळीनंतर टास्क कार्डात (तपासणीच्या कामाच्या कागदात) एक ओळ वाढली : पिनची लांबी, मिलिमीटरमध्ये. दर्जा विभागाची सही मिळवायला ओळ लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला.

लँडिंगची संख्या आडवी, पिन उभी, की सरळ रेषा मिळते. ती पुढे वाढवायची, विमानाच्या रात्रीच्या थांब्यांचं वेळापत्रक तिच्यावर ठेवायचं, आणि पिन सपाट होण्याआधीची मुंबईतली शेवटची रात्र शोधायची. ब्रेक त्या रात्री बदलायचा, आधी नाही. आयटीच्या मुलाने विचारलं, यात मशीन लर्निंग घालायचं का. नको. ही रेषा काकांना कागदावर काढून दाखवता येते, आणि त्यांना पटली तरच ते पट्टी नीट लावणार.

टॅक्सीची मोजणीही आली. अपेक्षेप्रमाणे गर्दीच्या तासांत ब्रेकची संख्या चढते. रांगेवर आपला इलाज नाही. मात्र उतरल्यावर एक इंजिन बंद करून टॅक्सी करणाऱ्या उड्डाणांत ब्रेक कमी वेळा लागतो, कारण हलक्या विमानाला दोन इंजिनांचा आयडल (किमान वेगावरचा) जोरही पुढे ढकलत राहतो. हे आकडे कॅप्टननी स्वतः वैमानिकांच्या पत्रकात घातले. त्यांनी लिहिलं म्हणून वाचलं जाईल. खर्चवाल्यांचं पत्रक कोण वाचतं?

२२ नोव्हेंबर
ब्लीड आणि एसीच्या तक्रारींसाठी एकपानी कागद तयार केला. डॅशबोर्ड आहेच, पण तो रात्री अडीचला कुणी उघडत नाही. मेंटेनन्स कंट्रोलचा माणूस लाइनला फोन करतो, तेव्हा त्याच्यासमोर हा कागद असेल : या विमानाच्या या जागी गेल्या वर्षभरात काय काय बदललं, त्यातलं शॉपमध्ये किती खरं बिघडलेलं निघालं, आणि मॅन्युअलमधली कोणती पायरी आजवर गाळली गेली. त्याच जागी दुसऱ्यांदा तोच भाग मागितला तर स्टोअर देणार, अडवणार नाही, पण सिस्टीम एक प्रश्न विचारेल, "सेन्स लाइनची गळती तपासली का?" उत्तर 'वेळ नव्हता' असंही देता येतं. ते मुद्दाम ठेवलंय. खरं कारण लिहायला जागा नसली की माणसं खोटं लिहितात, आणि पुन्हा सगळी साफसफाई आपल्याच नशिबी.

१३ डिसेंबर
रिलायबिलिटी बैठक. फुकट गेलेल्या रिमूव्हलचं बिल आता लाइनच्या नव्हे, तर माणसं आणि टेस्ट किट यांचं नियोजन करणाऱ्या विभागाच्या खात्यात दिसेल. यावर बराच वाद झाला, शेवटी तीन महिन्यांसाठी मान्य. डिफर्ड दोषांच्या तक्त्यात 'ट्रबलशूटिंग चालू' असा वेगळा रंग आला. गळती तपासायचे आणखी दोन किट मंजूर, एक मुंबईच्या लाइनवर, एक दिल्लीला.

'वेळ नव्हता' हे उत्तर तीन आठवड्यांत बरंच आलंय. बहुतेक सगळं पहाटे चार ते सहामधलं, आणि जवळजवळ सगळं उशिरा पोचलेल्या त्याच दोन फेऱ्यांच्या विमानांवर. नेटवर्क प्लॅनिंगला ती यादी सोमवारी पाठवायची आहे, उन्हाळी वेळापत्रक गोठायच्या आत.